आर५८६८: एका लँकेस्टरच्या माणसांचा माग

लंडनमध्ये कोलिंडेल स्टेशनवरून चालत आरएएफ म्युझियमला, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात, जाता येतं. तिथल्या बॉम्बफेक्या विमानांच्या दालनात दुसऱ्या महायुद्धातलं आर५८६८ हे लँकेस्टर जातीचं विमान उभं आहे. नाकाजवळ छोट्या छोट्या बॉम्बच्या चित्रांच्या रांगा, एकेक बॉम्ब म्हणजे एकेक मोहीम. त्याखाली जर्मन हवाई दलप्रमुख गोरिंगची ती प्रसिद्ध बढाई रंगवलेली: शत्रूचं एकही विमान राइशच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवरून उडणार नाही. म्युझियमचा आकडा १३७ मोहिमांचा आहे. लँकेस्टर एकूण ७,३७७ बनली, त्यांतल्या सुमारे ३५ विमानांनीच शंभरी ओलांडली. सर्वांत जास्त, १४० मोहिमा करणारं ईडी८८८ युद्ध संपल्यावर १९४७ साली भंगारात गेलं. हे मात्र उरलं.

मला विमानापेक्षा माणसांत रस होता. प्रत्येक मोहिमेला आत सात जण: पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. त्या रांगांतल्या प्रत्येक बॉम्बसमोर सात नावं लिहायची, एवढंच ठरवलं. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, आयटीत काम करतो, त्यामुळे साहजिकच पहिल्यांदा एक्सेल उघडलं.

पहिली गोष्ट कळली ती ही की विमानाच्या अंगावरच्या अक्षरांवर विसंबायचं नाही. जून १९४२मध्ये हे विमान इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टन तळावरच्या ८३ स्क्वाड्रनकडे आलं तेव्हा ते ‘ओएल-क्यू’, म्हणजे क्यू फॉर क्वीनी होतं. सप्टेंबर १९४३मध्ये बॉट्सफर्डला ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनकडे गेलं आणि ‘पीओ-एस’, एस फॉर शुगर झालं. अक्षर स्क्वाड्रनच्या मालकीचं. एक विमान पडलं की तेच अक्षर नव्या विमानाला चिकटतं. विमानाची खरी ओळख म्हणजे सीरियल नंबर, आणि शोध त्यावरच चालवायचा. टंकलेखकाने आकड्यांची अदलाबदल केलेली असू शकते, म्हणून पायलटचं नाव जोडीला ठेवायचं.

ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे लंडनमधल्या क्यू या भागात, एआयआर २७ ही मालिका आहे. त्यात स्क्वाड्रनांच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक्स आहेत. कागदपत्रं मागवायची असतील तर रीडर्स तिकीट काढावं लागतं, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा न्यायचा. वाचनकक्षात शाई चालत नाही, फक्त पेन्सिल. एआयआर २७ स्कॅन झालेली असल्यामुळे तिथल्या संगणकावर फुकट वाचता येते. घरबसल्या वाचायची सोयही आहे, पण क्यूला शेजारच्या टेबलावर आपल्यासारखाच कोणीतरी भिंग घेऊन बसलेला असतो आणि एखादं संक्षिप्त रूप अडलं तर विचारता येतं, हा फायदा मोठा.

या वह्यांत दोन प्रकारचे कागद महत्त्वाचे. फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची रोजनिशी: हवा कशी होती, कोण बदलून आलं, किती विमानं गेली. फॉर्म ५४१ हे खरं घबाड. प्रत्येक विमानाचा नंबर, आतल्या माणसांची नावं, उड्डाणाची आणि परतण्याची वेळ, बॉम्बचा भार, आणि परतल्यावर पायलटने गुप्तवार्ता अधिकाऱ्याला जे सांगितलं त्याचा दोन-चार ओळींचा सारांश. काही अक्षरं पाठच होतात. ‘डीएनसीओ’ म्हणजे कामगिरी पार पडली नाही. ‘गार्डनिंग’ म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणं. ज्या विमानासमोर ‘मिसिंग’ लिहिलेलं असतं, त्याची परतण्याची वेळ रिकामी असते.

तारखांचा घोळ फार. मोहीम रात्री निघते आणि पहाटे परतते, त्यामुळे एकच हल्ला एका कागदावर २६ तारखेला आणि दुसऱ्यावर २७ला सापडतो. मी सगळीकडे ‘२६/२७’ अशी जोड तारीख लिहायला लागलो, मग ताळा जमू लागला.

माझी मूळ कल्पना बदलली ती इथेच. ‘या विमानाचे सात जण’ असं काही नसतंच. एक क्रू बहुधा एकत्र उडतो, पण विमानं बदलत राहतात. एखाद्या विमानात दीड-दोन वर्षांत कितीतरी क्रू येऊन जातात. मुख्य बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये पहिला दौरा साधारण ३० मोहिमांचा. तो पुरा झाला तर माणसं प्रशिक्षण केंद्रावर जातात, नाहीतर मध्येच नाव बंद होतं. म्हणून नुसतं विमान धरून चालत नाही; प्रत्येक पायलटचा धागा वेगळा काढावा लागतो आणि इतर रात्री तो कुठल्या विमानात होता हेही पाहावं लागतं.

आर५८६८ची पहिली मोहीम जुलै १९४२मध्ये विल्हेल्म्सहाफेनवर होती, पायलट रे हिल्टन. त्याच ऑगस्टमध्ये ८३ स्क्वाड्रन पाथफाइंडर दलात गेलं, म्हणजे पुढे जाऊन लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकणाऱ्यांत. हिल्टन पुढे त्याच स्क्वाड्रनचे प्रमुख झाले आणि नोव्हेंबर १९४३मध्ये बर्लिनवरच्या हल्ल्यात मारले गेले. तेव्हा ते दुसऱ्या विमानात होते.

त्याच महिन्यात, २६/२७च्या रात्री, बर्लिनवर गेलेलं आर५८६८ अंधारात ६१ स्क्वाड्रनच्या एका लँकेस्टरला धडकलं. पायलट होते जॅक कोल्पस. पंखाला मार बसला, विमान खाली कोसळू लागलं, पण ते सावरलं आणि यॉर्कशरमध्ये लिंटन-ऑन-ऊजला उतरवलं गेलं. एका रात्री शेकडो विमानं दिवे बंद करून एकाच शहरावर जमत, तेव्हा आपल्याच विमानाला धडकण्याची भीती तोफांइतकीच खरी होती. मला ही गोष्ट आधी एका पोकळीतून दिसली. ४६७च्या वहीत नोव्हेंबर संपताना हा सीरियल नंबर गायब होतो आणि फेब्रुवारी १९४४मध्ये परत उगवतो. मधले दिवस दुरुस्तीत गेले. असा खंड दिसला की त्याच रात्रीची दुसऱ्या स्क्वाड्रनची वहीही मागवावी. एकाच धडकेची नोंद दोन बाजूंनी वाचायला मिळते आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाही.

मे १९४४मध्ये बेल्जियममधल्या बूर-लेओपोल्डवरच्या मोहिमेनंतर विमानाची शंभरी साजरी झाली. पायलट स्कोलफिल्ड आणि विमानाभोवती जमलेली मंडळी यांचे फोटो ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संग्रहात आहेत. खरं सांगायचं तर शंभरीचे फोटो मला थोडे खटकतात. विमानाची देखभाल करणारे मेकॅनिक त्यात हसतात, आणि त्यांना हसायचा हक्क होताच, पण आरएएफच्या बॉम्बर कमांडमधल्या, विमानातून उडणाऱ्या सुमारे १,२५,००० माणसांपैकी ५५,५७३ मारले गेले, हा आकडा त्या फोटोशेजारी ठेवूनच पाहावा.

ऑस्ट्रेलियन माणसांचा माग काढणं ब्रिटिशांपेक्षा सोपं गेलं. कॅनबेराच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ए७०५ या मालिकेत बेपत्ता आणि मृत हवाई सैनिकांच्या फाइली आहेत, आणि स्कॅन झालेल्या घरी बसून फुकट वाचता येतात. आत तार असते, मुलाच्या सामानाची यादी असते, आणि बऱ्याचदा आईवडिलांचं पत्र: सोबतच्या इतर सहा जणांच्या घरचे पत्ते मिळतील का? हवाई दलाची ठरावीक उत्तरं आणि ती पत्रं एकाच फाइलीत टाचलेली. त्यांतली नावं मी माझ्या तक्त्यात ठेवली, बाहेर कुठे लिहीत नाही. कबरींसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी आहे. ज्यांची कबरच नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत.

जाता जाता एक गोष्ट पुणेकरांसाठी. आरएएफ म्युझियममध्येच लिबरेटर जातीचं एक बॉम्बफेकी विमान आहे, केएन७५१. युद्धानंतर भारतात सोडून दिलेल्या लिबरेटरांमधून भारतीय हवाई दलाने काही विमानं पुन्हा उडती केली, त्यांतलं हे एक. १९७४मध्ये भारताने ते म्युझियमला भेट दिलं. लिबरेटर उडवणारं ६ स्क्वाड्रन आपल्या लोहगावला होतं. लँकेस्टरसमोर गर्दी असते, याच्यासमोर फारसं कोणी थांबत नाही. मी थांबतो.

सध्या तक्त्यात सात नावांच्या पुढे आठवा रकाना केला आहे: खाली काय झालं. हे काम रखडत चाललंय, कारण ब्रिटिश वह्यांत शहर म्हणजे ‘टार्गेट’ आणि आगी ‘चांगल्या पेटल्या’. जुलै १९४३च्या हॅम्बुर्ग हल्ल्यांत ८३ स्क्वाड्रनही होतं. त्या आठवड्यात तिथे पस्तीस हजारांच्या आसपास माणसं मेली, बहुतेक सगळे नागरिक. मोठ्या शहरांची माहिती इंग्रजीत मिळते. छोट्या गावांसाठी तिथल्या नगर-अभिलेखागारांना जर्मनमध्ये पत्र लिहावं लागतं. उत्तरं हळू येतात, पण बहुतेक ठिकाणांहून येतात, आणि कधी कधी सोबत त्या रात्रीच्या मृतांची यादीही असते.