मॅडम, ड्राफ्ट मीच करून आणू का?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हा प्रश्न माझ्या टेबलापाशी येतोच. "मॅडम, एमएसला अप्लाय करतोय. तुमचं एलओआर हवं होतं. ड्राफ्ट मी करून आणतो, तुम्ही फक्त सही करा." एमएस म्हणजे परदेशातलं पदव्युत्तर शिक्षण आणि एलओआर म्हणजे त्या प्रवेशासाठी लागणारं शिफारसपत्र. विचारणारं पोर अगदी नम्रपणे विचारतं. माझा वेळ वाचावा एवढाच त्यामागचा हेतू असतो. मी नाही म्हटलं की चेहरा उतरतो, आणि दोन लेक्चरांच्या मधल्या पाच मिनिटांत मला कारण नीट सांगता येत नाही. तुम्ही दरवर्षी विचारता, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ड्राफ्ट आणू नका. पत्र मी लिहीन. ते लिहायला मला काय काय लागेल, ते मात्र तुम्ही आणायचं आहे आणि लवकर आणायचं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी पत्राचा प्रवास बघा. बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात, काही ठिकाणी दोन चालतात. ऑनलाइन अर्जात तुम्ही आमचं नाव, हुद्दा आणि ईमेल भरता. त्या ईमेलवर आम्हाला पत्र भरायची लिंक येते. त्याच ठिकाणी तुम्हाला एक प्रश्न विचारलेला असतो: हे पत्र पुढे वाचायला मिळण्याचा हक्क तुम्ही सोडून देता का? अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला, त्याला 'फर्पा' म्हणतात. विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी बघण्याचा हक्क या कायद्याने दिला. शिफारसपत्रांपुरता हा हक्क सोडायची मुभाही त्यातच आहे. तुम्ही सगळे तिथे 'होय, सोडतो' यावर टिक करता, कारण सीनियर्सनी तसं सांगितलेलं असतं. सीनियर्सचा सल्ला बरोबरच आहे. विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलं की लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. पण मग विचार करा. हे पत्र मी वाचणार नाही असं ज्या अर्जात लिहून दिलंत, त्याच अर्जासोबत तुम्ही स्वतः टाइप केलेलं पत्र माझ्या सहीने जातं. अर्जाच्या शेवटी 'दिलेली सर्व माहिती खरी आहे' या वाक्याखाली सही तुमचीच असते. माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठ राखून ठेवतं. वयाच्या एकविसाव्या वर्षी, घरच्यांनी कर्ज काढायची तयारी केलेली असताना, ही टांगती तलवार कशाला हवी?

याहून वाईट प्रकारही कानावर येतात. सरांच्या नावाने जीमेलचं खातं उघडायचं, लिंक तिकडे मागवायची आणि फॉर्म स्वतःच भरून टाकायचा. असलं काही कुणी सुचवलं, मग तो कन्सल्टंट असो की सख्खा चुलतभाऊ, तिथून उठून यावं. काही विद्यापीठं पत्र लिहिणाऱ्याशी थेट संपर्क साधून खात्री करून घेतात. म्हणून मी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरूनच सगळं करते. अर्जात तोच पत्ता टाका.

'ड्राफ्ट करून आण' ही पद्धत का पडली हे मला माहीत आहे, आणि माझ्या सहकाऱ्यांवर मी याचं खापर फोडणार नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं. लेक्चर, प्रॅक्टिकल, कॉलेजच्या मानांकनासाठी नॅकच्या फायली, एनबीएच्या फायली. नोव्हेंबर-डिसेंबरात टर्मवर्क, ओरल आणि पेपर तपासायला कॅपची, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावरची, ड्युटी. नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकन विद्यापीठांच्या तारखा येतात, त्यातली १५ डिसेंबर बऱ्याच ठिकाणी दिसते. एकेक मुलगा आठ-दहा विद्यापीठांना अर्ज करतो. दहा मुलांना हो म्हटलं तर ऐंशी-शंभर लिंक उघडून तितकेच फॉर्म भरावे लागतात. शिवाय एक गोष्ट आमच्यात कुणी उघड बोलत नाही: अनेकांना इंग्रजीत दोन पानं लिहायचा संकोच वाटतो. त्या सहकाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की तिकडच्या समितीला आपली भाषा तपासायची नसते. साध्या इंग्रजीत दोन खरे परिच्छेद लिहिले तरी काम होतं. ते दोन परिच्छेद फक्त तुम्हीच लिहू शकता, कारण त्या मुलाला शिकवलंय तुम्ही.

आता पत्र वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत भारतातले ३,३१,६०२ विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून आपण पहिल्या क्रमांकावर गेलो ते याच वर्षी. म्हणजे प्रवेश समितीपुढे भारतीय अर्जांची रास आहे. कोविडनंतर बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली, त्यामुळे सगळ्यांना एकाच फुटपट्टीने मोजणारा तो आकडाही अनेक अर्जांत नसतो. राहतो तुमचा सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुण. ८.४ म्हणजे आमच्या विद्यापीठात किती, कोणत्या विषयात अर्धा वर्ग गटांगळ्या खातो, कोणत्या विषयात सगळ्यांनाच भरभरून मार्क पडतात, हे तिकडच्या प्राध्यापकाला कसं कळणार? मार्कशीटचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था आकडा त्यांच्या पद्धतीत बसवून देतात, आकड्यामागची परिस्थिती सांगत नाहीत. ती सांगू शकतो फक्त शिकवणारा माणूस.

तुम्ही स्वतः लिहिता तेव्हा नेमकं हेच गळतं. तुम्हाला वर्गातले बाकीचे कसे आहेत ते माझ्या जागेवरून दिसत नाही, त्यामुळे तुम्ही विशेषणं भरता. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, नेतृत्वगुण असलेला. नंतर तोच मजकूर थोडा फिरवून दुसऱ्या सरांसाठी, आणखी थोडा फिरवून कंपनीतल्या मॅनेजरसाठी. तीन सह्या होतात, पण तिन्ही पत्रांत बोलतो एकच माणूस, आणि तोच एसओपीतही, म्हणजे अर्जासोबतच्या तुमच्या स्वतःच्या निवेदनातही, बोलत असतो. चारही कागद एका बैठकीत वाचणाऱ्याच्या हे लक्षात येतं.

काही वर्षांपूर्वीची एक मुलगी सांगते. तिसऱ्या वर्षाला, मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा यूटीएम या चाचणीच्या मशीनवर ओढायचा, आलेख काढायचा, त्यावरून यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप, काढायचा. पुस्तकात उत्तर आहे, साधारण ७० गिगापास्कल. मागच्या बॅचची जर्नलं हॉस्टेलवर फिरत असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळ्या जर्नलांत ६९, ७०, ७१ असेच आकडे. हिच्या जर्नलात पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. मी लाल पेन उचललं तर म्हणाली, "मॅडम, मशीनवर हेच आलंय. का येतंय ते कळत नाहीये, पण आलंय हेच." मी म्हटलं, शोध. दोन दिवसांनी ती मामांना घेऊन कपाटाशी उभी. आमचे लॅबमधले मामा, तीस वर्षं त्या मशीनपाशी काढलेले. त्यांनी धूळ झटकून एक्स्टेन्सोमीटरची पेटी काढून दिली. घोळ असा होता की तुकडा किती ताणला गेला हे आम्ही मशीनच्या सरकत्या पट्टीवरून मोजत होतो. त्या मापात मशीनची चौकट आणि तुकडा धरणारे जबडे जे थोडं देतात तेही मिसळतं, तुकडा आहे त्यापेक्षा जास्त ताणलेला दिसतो आणि मॉड्युलस कमी येतो. एक्स्टेन्सोमीटर थेट तुकड्यावर बसतो, म्हणून त्याचं माप खरं. तिने प्रयोग पुन्हा केला, दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले आणि फरक कुठून आला ते खाली लिहिलं.

ती वर्गात पहिली नव्हती, पहिल्या दहातही नव्हती. ती पत्र मागायला आली तेव्हा मी हीच हकीकत लिहिली. आकड्यांसकट लिहिली, आणि वर्गातल्या बाकी सगळ्यांनी पुस्तकातलं उत्तर लिहिलं होतं हेही लिहिलं. तिला चांगला प्रवेश मिळाला. एका पत्रामुळे मिळाला असं कुणीच म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण गंमत बघा, तिने स्वतः केलेल्या ड्राफ्टमध्ये ही हकीकत आली नसती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्यात काय मॅडम, प्रॅक्टिकल होतं ते."

शिकवणाऱ्याचं पत्र काय करू शकतं याचं मला कायम आठवणारं उदाहरण बाबासाहेबांचं आहे. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांच्या हाताखाली. पैशाअभावी अर्धवट राहिलेला लंडनमधला अभ्यास पुरा करायला ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सेलिगमन यांनी लंडनचे अर्थतज्ज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. आणि १९२५ साली बाबासाहेबांचा कोलंबियातला प्रबंध पुस्तकरूपाने आला, त्याची प्रस्तावनाही सेलिगमन यांचीच. ज्याने विद्यार्थ्याचं काम समोर बसून पाहिलंय, त्याचा शब्द समुद्रापलीकडेही चालतो तो असा.

म्हणून पत्र कुणाकडून घ्यायचं, या प्रश्नाचं उत्तरही यातच येतं. पालक भेटायला येतात ते बहुतेकदा प्राचार्यांच्या नाहीतर एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, पत्रासाठी. हुद्दा मोठा म्हणून पत्राला वजन, असं त्यांना वाटतं. एचओडींनी तुम्हाला शिकवलं असेल, प्रोजेक्ट बघितला असेल, तर जरूर घ्या. नसेल तर ते बिचारे चार औपचारिक ओळींपलीकडे काय लिहिणार? त्यापेक्षा प्रोजेक्टचे गाइड असलेले, परवाच रुजू झालेले असिस्टंट प्रोफेसर चालतील, त्यांनी तुमची चुकलेली तीन डिझाइनं पाहिलेली आहेत. दोन-तीन वर्षं नोकरी केली असेल तर एक पत्र कंपनीतून घ्या, पण एचआरकडून नको. रोज ज्यांना काम दाखवत होतात त्यांच्याकडून घ्या. नातेवाईक, आमदार, घरचे ओळखीचे डॉक्टर, ही नावं मनातून काढून टाका. पीएचडीला अर्ज करणाऱ्यांनी तर तिन्ही पत्रं तुमचं संशोधन किंवा निदान प्रयोगाचं काम पाहिलेल्यांकडूनच घ्यावीत. तिथे पत्र वाचणारा प्राध्यापक हा मुलगा माझ्या लॅबमध्ये पाच वर्षं टिकेल का, हे शोधत असतो.

आता काय आणायचं ते. मार्कशीट, रिझ्युमे, विद्यापीठांची यादी तारखांसह, एसओपी जसं असेल तसं, कच्चं चालेल. आणि एक पान, मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. माझ्याकडे कोणते विषय होते, कोणत्या प्रॅक्टिकलला किंवा प्रोजेक्टला काय केलंत, कुठे अडलात, कसे सुटलात. साठ जणांच्या वर्गात मला सगळं आठवत नाही, ते आठवून देणं हे तुमचं काम आणि ते पूर्ण रास्त आहे. घडलेलं तुम्ही सांगा, त्यावरचं मत माझं असू द्या. प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि जुनं जर्नल सापडलं तर सोबत आणा, खाडाखोड असलेलं असेल तर फारच छान.

कधी आणायचं? गणपती उठले की. सबमिशनच्या धामधुमीत, अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली असताना आलात तर मी पत्र लिहीन, पण ते घाईतलं असेल, आणि तुमच्या अर्जाला घाईतलं पत्र जोडलेलं मला आवडणार नाही. विचारतानाही "एलओआर द्याल का" असं विचारू नका. "मला चांगलं पत्र देता येईल इतकं तुम्ही माझं काम पाहिलंय का" असं विचारा. मी जर म्हटलं की अमुक सर तुला जास्त ओळखतात, तर तो नकार समजून हिरमुसू नका, उठून थेट त्या सरांकडे जा. मी वर्षभर फक्त फळ्यासमोरून पाहिलेल्या मुलाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

एक शेवटचं, कारण हेही दरवर्षी विचारता. पत्रासोबत आम्हाला एक तक्ता भरायचा असतो. हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांमध्ये पहिल्या ५ टक्क्यांत बसतो, १० त, की २५ त? "मॅडम, टॉप फाइव्हमध्ये टाकाल ना?" मी खरं असेल तेच टाकते. पुढच्या वर्षी त्याच विभागाकडे याच कॉलेजातून माझ्या सहीचं दुसरं पत्र जाणार आहे. प्रत्येकाला पहिल्या पाचात बसवलं तर त्या खुणेला अर्थ उरणार नाही, आणि नुकसान होईल ते खरोखर तिथे बसणाऱ्या तुमच्या ज्युनियरचं. पहिल्या २५ टक्क्यांत अशी खूण आणि खाली दोन ठोस प्रसंग, या पत्रावर माझ्या मुलांना प्रवेश मिळालेले आहेत. तरीही हे ज्यांना मान्य नसेल, त्यांनी आधीच दुसऱ्या सरांना विचारावं. मला राग येणार नाही, आणि तुमचं पत्र वेळेत जाईल.