वैमानिक व्हायचंय? मग डिग्री विमानाची नको

अमेरिकेत एव्हिएशनची डिग्री म्हणजे सवलतीचं कुपन. 2009 साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, आणि 2013 पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी हे वरचं लायसन्स, म्हणजे साधारण 1500 तासांचं उड्डाण, सक्तीचं झालं. एव्हिएशन मेजर (पदवीचा मुख्य विषय) आणि त्यात 60 क्रेडिट असतील तर 1000 तासांत भागतं. कॉलेजं याच 500 तासांची जाहिरात करतात.

हिशोब करा. नवा पायलट बहुधा इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतो; महिन्याला 60-70 तास उडतो, म्हणजे वाचले सात-आठ महिने. सिनिऑरिटीवर चालणाऱ्या धंद्यात तेही कमी नाहीत, मान्य. पण खाच बघा: इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर उडणं) आणि कमर्शियल लायसन्सचं ग्राउंड ट्रेनिंग, म्हणजे वर्गातलं शिक्षण, त्याच कॉलेजात, आणि उड्डाण कॉलेजच्या किंवा त्याच्याशी करार असलेल्या पार्ट 141, म्हणजे सरकारमान्य अभ्यासक्रमाच्या, फ्लाइंग स्कूलमध्येच व्हायला हवं. सुट्टीत चार पैसे वाचवायला घराजवळच्या स्कूलमध्ये इन्स्ट्रुमेंट उरकलं, की सवलत गेली. नुसतं मायनर, म्हणजे दुय्यम विषय, हेही चालत नाही.

आणि या डिग्रीला ‘बॅकअप’ म्हणतात! मंदीत वैमानिक घरी बसतात तेव्हा एअरलाइनच्या ऑफिसातही कोणी भरती करत नाही. 2020 मध्ये ते दिसलंच. एव्हिएशन मॅनेजमेंट म्हणजे त्याच फांदीवरचं दुसरं घरटं.

‘आधी इंजिनिअरिंग कर, मग काय ते विमान उडव’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बापाला आपण हसतो. बाप अर्धा बरोबर आहे. अर्धाच, कारण वेळापत्रक. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी ढग गडगडतात, म्हणून सगळ्यांना सकाळचा स्लॉट हवा, आणि इंजिनिअरिंगची लॅब नेमकी सकाळी. आठवड्याला तीन उड्डाणं झाली नाहीत तर मागचं विसरतं, तेच धडे पुन्हा, तास वाढतात, बिलही वाढतं. नर्सिंगला नोकरी हमखास, पण क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रॅक्टिकलचे, दिवस हलत नाहीत. अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर सायन्स: लॅब कमी, आणि पायलटची वैद्यकीय पात्रता गेली तरी पगार चालू.

भारतातून एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांचं गणित वेगळं. पदवीला 250 तास धरले आणि ओपीटीच्या (पदवीनंतर अमेरिकेत काम करायची परवानगी) 12 महिन्यांत दरमहा 60 उडाले, तर होतात 970. हजाराला 30 कमी! कॉम्प्युटर सायन्सला ओपीटी आणखी 24 महिने वाढते, पण काम पदवीशी निगडित लागतं. त्यावर उड्डाण शिकवता येत नाही. म्हणून ज्यांना परतायचंय त्यांनी 1000-1500 विसरावं. भारताचं विमान नियामक डीजीसीए सीपीएलला, म्हणजे कमर्शियल लायसन्सला, 200 तास मागतं, पदवी मागत नाही. नेव्हिगेशन, मेट (हवामान) आणि रेग्युलेशनच्या पेपरांना 70 टक्के मात्र हवेतच. मेजर असा घ्या की पुण्यात उतरल्यावरही नोकरी मिळेल.

हे सगळं नंतर. फी भरण्याआधी फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे एअरलाइन पायलटची वैद्यकीय तपासणी, करून घ्या, रंगदृष्टीसकट. चाळिशीनंतर ते दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यायचं असतं.