काळ्याचा हिशेब जुळला: ऑक्टोबरच्या भूतपटांची नवी नोंद

माझ्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर भूतपटांतले अंधारे प्रसंग काळे न दिसता राखाडी दिसतात, या मागच्या नोंदीत अर्धवट सोडलेल्या तक्रारीचा निकाल लागला आहे. कियोशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’ या जपानी भूतपटातील, दाराच्या फटींवर लाल चिकटपट्टी लावून बंद केलेल्या खोलीचा प्रसंग आता माझ्या पडद्यावर जसा दिसायला हवा तसा दिसतो. खोलीचे पलीकडचे टोक राखाडी न राहता काळे होते आणि त्या काळ्यातही भिंत कुठे आहे, आकृती कुठे आहे, हे नीट पाहणाऱ्याला ओळखू येते. ती बाई चालत येते, मध्येच पाय लचकल्यासारखी अतिशय संथपणे कलते, सावरते आणि पुन्हा येत राहते. हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे, परंतु ती ज्या अंधारातून निघते तो मागे खोलवर गेलेला आहे हे दिसू लागल्यापासून त्याची भीती निराळीच झाली आहे.

जपानमध्ये भुतांचा हंगाम उन्हाळा, ऑक्टोबर नव्हे, हे आपल्या मंडळींना ठाऊकच आहे. ओबोनच्या सणाला पितर घरी येतात, काबुकी या पारंपरिक रंगभूमीवरील ‘योत्सुया काइदान’ हे भुताचे नाटक उन्हाळ्यात रंगते, आणि शिंतोहो कंपनीने नोबुओ नाकागावा यांचा ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ १९५९ च्या जुलैमध्येच प्रदर्शित केला होता. हॅलोविनला टोकियोतील शिबुयाच्या रस्त्यांवर जमते ती सोंगे घेतलेल्या तरुणांची गर्दी. तिचा या चित्रपटांशी फारसा संबंध नाही. तरीही भूतपट पाहण्याची माझी मालिका दरवर्षी ऑक्टोबरातच होते, कारण तोवर पाऊस ओसरलेला असतो, बाल्कनीच्या पत्र्यावरचा ताशा थांबलेला असतो आणि ज्या चित्रपटांत मिनिटभर काहीही वाजत नाही ते शांततेत ऐकता येतात. अडचण येते ती दिवाळीची. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. फटाक्यांच्या आवाजात भूतपट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. यंदा दिवाळी आधीच होऊन गेली असली, तरी कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरत नाहीत, आणि समोरच्या इमारतीतील काकूंच्या केशरी कंदिलाचा प्रकाश थेट माझ्या पडद्यावर पडतो.

त्यामुळे पहिला संशय साहजिकच त्या कंदिलावर गेला. अंधाऱ्या प्रसंगांवर पातळ धुके पसरल्यासारखे दिसत होते, म्हणून खिडकीला काळे कापड दुहेरी लावले, दाराखालची फट बुजवली, रिसीव्हरचे (प्लेअर आणि प्रोजेक्टर यांच्या मधल्या, आवाज सांभाळणाऱ्या यंत्राचे) निळे दिवेसुद्धा झाकले. केशरी झाक गेली, पण धुके तसेच राहिले.

दुसरा संशय स्ट्रीमिंगच्या प्रतीवर होता. हाय डेफिनिशन स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण ५ मेगाबिटच्या आसपास बिटरेट मिळतो, तर ब्ल्यू-रे डिस्कवर चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते, आणि चित्र दाबून लहान करणारा एन्कोडर जेव्हा काटकसर करतो तेव्हा पहिली कुऱ्हाड अंधारावर पडते, कारण तिथे कुणी फार पाहत नाही असे त्याचे गृहीतक असते. आपल्या आवडीच्या चित्रपटांचे सारे मर्म नेमके तिथेच साठवलेले असते, याला त्याचा इलाज नाही. म्हणून आयात केलेली डिस्क घेतली. ज्या विक्रेत्याकडून ती मागवली त्याने रीजनचा, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल या विभागाचा, उल्लेख कुठेही केला नव्हता. ब्रिटनच्या बी रीजनची डिस्क भारताच्या सी रीजनमधील प्लेअरवर चालेलच असे नाही, ही गोष्ट विकणाऱ्याने सांगायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. सुदैवाने माझा प्लेअर रीजनच्या बाबतीत उदार आहे. डिस्कवर बँडिंग, म्हणजे भिंतीवरच्या छटांत दिसणाऱ्या पायऱ्या, जवळजवळ नाहीसे झाले, मात्र धुके जागचे हलले नाही.

तिसरा संशय सर्वांत फसवा होता, कारण तो निम्मा खरा होता. ‘काइरो’ मुळातच फिका चित्रपट आहे. कुरोसावा आणि छायालेखक जुनइचिरो हायाशी यांनी त्याचे रंग जाणूनबुजून उतरवलेले आहेत, टोकियोवर सतत मळकट प्रकाश आहे, कॉन्ट्रास्ट कमी आहे. ‘तो चित्रपटच तसा आहे’ असे आपल्यापैकी अनेकांनी मला सांगितले, आणि मीही काही काळ त्या उत्तरावर समाधान मानले. परंतु दिग्दर्शकाने ठेवलेला फिकेपणा चेहऱ्यांवर, आकाशावर, भिंतींवर असतो. तो काळ्या पट्ट्यांवर नसतो. चित्राच्या वरखाली किंवा कडेला जे निव्वळ काळे असते तेही माझ्या पडद्यावर राखाडी दिसत होते, आणि ते काही कुरोसावांनी चित्रित केलेले नव्हते.

मग प्लूज पट्टी, म्हणजे काळ्याची पातळी तपासण्याचे चाचणी-चित्र, लावली. ज्यांनी ती कधी वापरली नसेल त्यांनी हॅलोविनपूर्वी एकदा अवश्य वापरावी. हजारो रुपयांच्या केबलपेक्षा या एका चाचणी-चित्राचा उपयोग अधिक आहे. तिच्यात काळ्याहून किंचित काळी आणि काळ्याहून किंचित उजळ अशा पट्ट्या असतात. ब्राइटनेस असा ठेवायचा की पहिली पूर्ण बुडावी आणि दुसरी जेमतेम तरंगावी. लॅपटॉप थेट जोडल्यावर पट्ट्या शहाण्यासारख्या वागल्या. प्लेअर रिसीव्हरमार्फत जोडल्यावर मात्र काळ्याहून काळी पट्टीदेखील स्पष्ट दिसू लागली, जी कोणत्याही परिस्थितीत दिसता कामा नये. ब्राइटनेस उतरवला की ती बुडत असे, पण मग चेहरे मळत. चेहरे वर काढण्यासाठी कॉन्ट्रास्ट चढवला की डिस्कने घालवलेले बँडिंग परत येई. या दोन बटणांमध्ये कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या.

कारण शेवटी रेंजचे, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या पट्टीचे, निघाले. चित्रपटांच्या आठ बिटी संकेतात काळा शून्यावर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर, ही मर्यादित पट्टी; संगणक मात्र ० ते २५५ ही पूर्ण पट्टी वापरतो. संकेतासोबत कोणती पट्टी वापरली आहे याची एक छोटी सूचना जाते आणि ‘ऑटो’वर ठेवलेला प्रोजेक्टर ती वाचून वागतो. प्लेअर थेट प्रोजेक्टरला जोडला तर सारे सुरळीत होते. मध्ये रिसीव्हर आला की प्रोजेक्टर मर्यादित पट्टीला पूर्ण पट्टी समजत होता. परिणामी १६ हा काळा न राहता १६ क्रमांकाचा राखाडी बनत होता आणि २३५ चा पांढरा पूर्ण पांढऱ्यापर्यंत पोहोचतच नव्हता. गॅमा (आकड्याचे प्रकाशात रूपांतर करणारा घातांक) २.२ धरला, तर पातळी १६ म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या सुमारे ०.२ टक्के प्रकाश. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु ज्या प्रोजेक्टरचा स्वतःचा काळा पांढऱ्याच्या हजाराव्या हिश्शाइतका, म्हणजे ०.१ टक्के असतो, त्याच्यावर ही भर पडली की काळ्याची उजळी जवळपास तिप्पट होते. उपाय दोन मेन्यूंमध्ये होता: प्लेअर आणि प्रोजेक्टर दोघांनाही ‘ऑटो’वरून काढून मर्यादित पट्टीवर हाताने बांधून टाकले. त्याच फेरीत दृश्यानुसार उजेड आपोआप कमीजास्त करणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद केला. जाहिरातीत त्याचे कितीही गोडवे गायले गेले, तरी एखादी पांढऱ्या कपड्यांतली आकृती चौकटीत आली की संपूर्ण भिंतीचा उजेड श्वास घेतल्यासारखा खालीवर होतो, आणि भूत येणार असल्याची वर्दी प्रोजेक्टरच देतो.

या दुरुस्तीने यादीचा क्रम मोडला. मूळ बेत सालवार जाण्याचा होता, पण ‘काइरो’ पाहून झाल्यावर लक्षात आले की हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ आणि २००२ चा ‘डार्क वॉटर’ हेही हायाशींनीच चित्रित केलेले आहेत. तेव्हा दिग्दर्शकांना बाजूला ठेवून हे तीन चित्रपट एका छायालेखकाचे म्हणून सलग पाहावेत. ‘रिंगू’ने पहिल्याच बैठकीत बक्षीस दिले. पूर्वी चित्रपटाचा स्वतःचा काळा आणि शापित चित्रफितीतील खरखरीत राखाडी यांत माझ्या पडद्यावर फरकच उरत नव्हता, त्यामुळे फीत सुरू झाली तरी डोळ्यांना काही बदलल्यासारखे वाटत नसे. आता चित्रफीत परकी दिसते, कुणी बाहेरून आणून मध्ये घुसवल्यासारखी. सादाको हे भूत विहिरीतून निघून चालू लागते तिथे रिए इनो या अभिनेत्रीला उलटे चालायला लावून चित्रण उलटे फिरवले आहे, हे सर्वांना माहीत आहे; परंतु खांद्यांची ती चुकीची लय पार्श्वभूमी स्वच्छ असल्यावर अधिक स्पष्टपणे जाणवते. ‘डार्क वॉटर’मध्ये छतावरचा ओला डाग वाढत जातो, त्याच्या कडा आता मोजता येतात. तो चित्रपट मला भूतपटापेक्षा एकट्या आईच्या दमणुकीचा चित्रपट म्हणून अधिक आवडतो, आणि या मतावर मी ठाम आहे.

मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वाइदान’ मध्येच एका रविवारी पाहिला, १८३ मिनिटांचा, पूर्ण. क्रायटेरियन या कंपनीची डिस्क महाग आहे, पण १६१ मिनिटांची कापलेली प्रत पाहण्यापेक्षा वाट पाहिलेली बरी. त्यातला अंधार हायाशींच्या अंधारासारखा बंद खोलीतला नाही. रंगवलेल्या आकाशांच्या भव्य सेटवरचा, जवळजवळ चित्रकाराचा आहे. कान नसलेल्या होइचीच्या कथेत भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र लिहितात. ती अक्षरे आता कुंचल्याच्या कडांसकट दिसतात, आणि कान कोरे राहिले आहेत हे कथेने सांगण्याआधी डोळ्यांना खुपते. तोरू ताकेमित्सू यांचे ध्वनी, विशेषतः ‘काळे केस’ या कथेतील लाकूड तडकल्याचे आवाज, चित्राशी जुळवून न ठेवता थोडे सुटे ठेवलेले आहेत; पंखा बंद करून ऐकावे, एवढेच सुचवतो.

‘जु-ऑन’ मात्र रात्रीच्या यादीतून काढला. हा निर्णय ही नोंद लिहिताना झाला. ताकाशी शिमिझु यांचे भूत अंधाराची वाटच पाहत नाही. ते भरदिवसा जिन्यावर असते, पांघरुणात असते, आणि घशातून येणारा तो आवाज, जो शिमिझु यांनी स्वतः दिला आहे, उजेडातही तितकाच काम करतो. तेव्हा तो शनिवारी दुपारी, पडदे अर्धे उघडे ठेवून पाहणार आहे. काळा नीट झाल्यावर अंधाराची गरज नसलेला चित्रपट कसा वाटतो, हे तपासायचे आहे.

शुक्रवारी ३१ तारखेसाठी आधी फक्त ‘काइरो’ पुन्हा ठरवला होता. आता त्याच्या आधी जॉन कार्पेंटर यांचा १९७८ चा ‘हॅलोविन’ लावणार आहे, आणि तो केवळ तारखेसाठी नव्हे. त्यात लॉरी ही नायिका अंधाऱ्या दाराशेजारी उभी असते आणि तिच्या मागच्या काळ्यातून पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. छायालेखक डीन कंडी यांनी छोट्या दिव्याचा प्रकाश डिमरने अगदी सावकाश वाढवून तो प्रसंग घेतला. कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत चित्रण करून रंगवलेली पाने रस्त्यावर पसरणाऱ्या मंडळींनी अंधार मात्र बनावट ठेवला नाही. काळ्याच्या पातळीसाठी याहून चांगली चाचणी मला ठाऊक नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर एकात प्रकाश वाढल्यामुळे भूत दिसते आणि दुसऱ्यात प्रकाश न बदलता भूतच चालत येते, हा फरक एकाच पडद्यावर, एकाच सेटिंगवर ताडता येईल.

नाकागावांचा ‘योत्सुया’ यंदा होणार नाही. जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल नाहीत, आणि मिळालेली एसआरटी (सबटायटलची) फाइल पुढे पुढे सरकत जाते: ती सेकंदाला २५ फ्रेमच्या पाल (युरोपीय टीव्ही पद्धतीच्या) प्रतीवरून केलेली आहे, तर डिस्क २३.९७६ फ्रेमवर चालते, त्यामुळे ७६ मिनिटांच्या चित्रपटात शेवटपर्यंत तीन मिनिटांहून अधिक अंतर पडते. सर्व वेळांना सुमारे १.०४२७ ने गुणले की पूर्वार्ध बसतो, पण मधल्या एका कापानंतर संवाद पुन्हा सुटतात, म्हणजे पाल प्रतीत काही फ्रेम गळलेल्या असाव्यात. तिथून पुढे ओळ न् ओळ हाताने लावावी लागेल. ते काम डिसेंबरात घेतो. चित्रपट पुढच्या ओबोनला, त्याच्या स्वतःच्या हंगामात. ज्यांच्याकडे त्या कापानंतरच्या वेळा जुळवलेली फाइल असेल त्यांनी कळवावे. बदल्यात माझ्या प्रोजेक्टरच्या सेटिंगचा तक्ता देतो.