माझा अनुभव: दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये कोण कोण चालून राहिलं होतं

नागपूरच्या गांधीबागेत काकाजींचं कापडाचं ठोक दुकान आहे. ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, बिलाचा कॉम्प्युटर सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं जागचा हलायचा नाही. गिऱ्हाईक समोर उभं अन् काकाजी हातानं बिलं लिहून राहिले होते. म्हणाले, "फॉरमॅट मारून दे ना बाप्पा." आठ वर्षांचा हिशेब होता त्यात. मी म्हटलं, "काकाजी, आधी आत काय चालू आहे ते तर पाहू द्या."

काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये 'सर्व्हिस होस्ट'ची ही लांब रांग. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, अन् अशा बऱ्याच सर्व्हिसेस विंडोज या 'होस्ट'च्या नावाखाली चालवतं. त्याला घाबरू नये. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असली की त्यातल्या बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, म्हणून रांग लांब दिसते. पण दीडशेवर सर्व्हिसेस एकेक करून किती उघडणार? म्हणून पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला लिहून हुकूम द्यायच्या साधनाची, छोटी स्क्रिप्ट लिहिली. 'गेट-सर्व्हिस'नं नाव अन् स्थिती कळते, पण विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये फाइलचा पत्ता कळत नाही, आणि नाव तर कोणीही काहीही ठेवतो. म्हणून 'गेट-सिमइन्स्टन्स' या हुकमानं 'विन३२_सर्व्हिस' ही विंडोजची सविस्तर माहिती वाचली: फाइल कुठली, कोणत्या खात्यावर चालते, आपोआप सुरू होते का, प्रोसेस आयडी काय. स्क्रिप्ट चालवायची परवानगी फक्त त्या खिडकीपुरती दिली. खिडकी बंद, परवानगी संपली.

चालू असलेल्यांतून विंडोजच्या फोल्डरातल्या गाळल्यावर उरल्या एकोणीस. सर्व्हिस होस्टखालच्या मात्र अशा गाळून चालत नाहीत: होस्टची फाइल विंडोजच्याच फोल्डरात असते, पण खरं काम करणाऱ्या डीएलएल फाइलचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'सर्व्हिसडीएलएल'मध्ये असतो. ती वेगळी पाहिली, ठीक होती.

मेमरीचा आकडा जोडला तर जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस सातशे एमबी खाऊन बसलेला. सॉफ्टवेअर कधीच काढलं होतं, हा राहून गेला. बॅकअप घेऊन थांबवला, सुरुवात 'मॅन्युअल' केली, म्हणजे आपोआप सुरू होणार नाही. उडवला नाही, जुना हिशेब कधीही लागू शकतो.

खरा धक्का पुढच्या ओळीत होता. बाहेरून कॉम्प्युटर चालवता येईल अशी एक रिमोट सर्व्हिस, 'लोकलसिस्टम' खात्यावर, आपोआप सुरू होणारी. म्हणजे कोणी लॉगिन करायच्या आधीच चालू, अन् मशिनवर जवळजवळ सगळे अधिकार. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे सिस्टम लॉगमध्ये, ७०४५ क्रमांकाची नोंद शोधली, नवी सर्व्हिस बसली की ती पडते. तारीख ११ एप्रिल. काकाजींनी वही उलटली. त्याच दिवशी प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यानं फोनवरून "दोन मिनिटांचं काम" केलं होतं. महिनाभर दार उघडं! मला फार राग आला. सर्व्हिस थांबवून सॉफ्टवेअर काढलं, बँकेचे पासवर्ड तिथंच बसून बदलायला लावले.

एकोणीस ओळींची यादी आता सतरा झाली. ती सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या साध्या फाइलीत, ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्या यादीशी ताडून पाहतो. काकाजी शेजारी खुर्ची ओढून बसतात अन् विचारतात, "नवीन कोणी आलं का?"