केळीच्या तळ्याकाठी

ओमानमधल्या जबल अख्दर डोंगरावरचे गुलाब मला याही वर्षी दिसले नाहीत. मस्कतला शिकवायला येऊन सहा वर्षं झाली. दर एप्रिलला ठरतं आणि दर एप्रिलला काहीतरी आडवं येतं. यंदा गाडी आडवी आली.

इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी सकाळी सातला मी नववीच्या वर्गात फळ्यापुढे उभी असते, आणि घरचे नेमके तेव्हाच व्हिडिओ कॉल करतात. असो. शुक्रवारी पहाटे साडेचारला आम्ही चौघी रुवीहून निघालो: मी, गणिताच्या केरळी मॅडम (वयानं मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या चेची), ग्रंथालयातली नागपूरची ताई आणि तिची नर्स असलेली मैत्रीण. गाडी चेचींच्या हातात. ओमानचं लायसन्स त्यांना पाचव्या खेपेला मिळालं, आणि ते पाचही वेळा त्या अजून रस्ताभर सांगतात. डब्यात माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, त्यांच्या इडल्या. तरी फंजाच्या पुढे करक चहा आणि चिप्स ओमान घातलेला पराठा झालाच. तो पराठा खाल्ल्याशिवाय मस्कतबाहेर पडलो असं वाटतच नाही.

सातच्या आत निझवाला पोचलो, कारण शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार उन्हं चढली की आटोपतो. मधे एक गोल चौथरा, त्याच्याभोवती वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना गिऱ्हाईक. विकणारा बकरीचं दावं धरून गोल गोल फिरतो आणि ओरडून भाव सांगतो. कुणी हात केला की थांबायचं. मग तो गिऱ्हाईक आधी दात बघतो, मग कास चाचपतो. साक्रीच्या बाजारात माझे आजोबा अगदी असंच करायचे, फक्त तिथला सौदा उपरण्याखाली बोटांनी व्हायचा, इथला उघड्यावर. तोंडावर बुरखा घेतलेल्या बदू (वाळवंटी भटक्या जमातीच्या) बायका पुरुषांपेक्षा जास्त घासाघीस करत होत्या. एक बोकड शंभर रियालच्या वर गेला तेव्हा ताईनं मनातल्या मनात रुपये केले आणि नुसतीच माझ्याकडे बघितलं.

किल्ला आम्ही भरभर उरकला. इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकात बांधलेला तो गोल बुरूज, त्याला बारा वर्षं लागली वगैरे मी सांगत होते, पण ऐकायला फक्त चेची होत्या. बाकीच्या दोघी हलव्याच्या दुकानात.

तिथून बिरकत अल मौझ. जबल अख्दरचा घाट इथूनच चढतो आणि पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. फोर बाय फोर असल्याशिवाय वर सोडत नाहीत, कारण उतरताना ब्रेक तापून गाड्या गेल्या आहेत. आम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून तर गाडी भाड्यानं घेतली होती. देणाऱ्यानं ‘हो हो, फोर बाय फोर’ म्हणून छातीठोक सांगितलं. पोलिसानं मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पाहिली, वाकून आत पाहिलं, हसला आणि परत फिरायची खूण केली. गाडी दिसायला धिप्पाड, ताकद मात्र दोनच चाकांना. चेची दहा मिनिटं मल्याळममधून बोलल्या. अर्थ विचारायची गरज पडली नाही.

मग गावातच उतरलो. बिरकत अल मौझ म्हणजे केळीचं तळं. खानदेशच्या बाईला एवढं नाव पुरे. खजुरांच्या सावलीत खरंच केळी लावलेल्या होत्या, वर टेकडीच्या अंगावर सोडून दिलेली मातीची घरं, आणि बागांच्या मधून खळखळ वाहणारा फलज, म्हणजे इथला पाण्याचा पाट. याचं नाव फलज अल खतमीन. ओमानमधले पाच फलज 2006 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातला हा एक. पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं येतं, पंप नाही, नुसता उतार. अशा फलजाला दाऊदी म्हणतात. दाऊदपुत्र सुलेमानानं जिनांकडून दहा दिवसांत दहा हजार फलज खोदून घेतले, अशी गोष्ट इथं सांगतात. उघड्यावर आल्याबरोबर पहिलं पाणी पिण्याचं, मग मशिदीचं, मग अंघोळीचं, आणि शेत सगळ्यांत शेवटी.

आम्ही पाय सोडून बसलो होतो. एक म्हातारेबाबा आले, पाटाच्या एका तोंडातला दगड आणि चिंध्यांचा बोळा काढला, दुसऱ्या तोंडात ठोसला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आमच्याशेजारी बसले. मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘अभी मेरा पानी.’

मला एकदम पांझरेचा काठ दिसला. आमच्याकडे फड होते: नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाणी सोडणारा पाटकरी. बारी नसताना कुणी पाट फोडला तर पाटकरी फक्त एवढंच म्हणायचा, ‘आते तुनी बारी नही.’ आवाज न चढवता. पुढे मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, बरेच फड मोडले.

बाबांना मी खोदून खोदून विचारलं. त्यांचा वाटा एक अथर, म्हणजे साधारण अर्धा तास. पूर्वी हा वेळ दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर मोजायचे, रात्री ताऱ्यांवर. त्यांच्या वडिलांना कुठला तारा कुठल्या डोंगरामागून वर येतो ते पाठ होतं, त्यांना नाही. काही वाटे कुणाच्याच नावावर नसतात, ते फलजाचेच. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणं, डागडुजी. अर्धा तास झाल्यावर बाबा उठले, बोळा काढला, घड्याळाला टिचकी मारली आणि गेले. पाणी लगेच पुढच्या बागेत. तिथं कुणीच आलेलं नव्हतं, तरी.

येताना निझवाच्या सूकमधून गुलाबपाणी घेतलं, डोंगरावरचंच. रंग गढूळ, वास धुराचा. चेचींना वाटलं खराब झालंय. दुकानदार म्हणाला, असंच असतं, भट्टीवरचं आहे.

रात्री नानांना फोन लावला. सगळं सांगितलं: बोगदा, अथर, तारे, लिलाव. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाटकऱ्याला काय देतात? दाणे का पैसे?’

हे विचारायचं राहिलंच होतं.