१८ डिसेंबरला कोणता पडदा कोणाला द्यायचा?

१८ डिसेंबर २०२६, शुक्रवार. नाताळाच्या बरोबर एक आठवडा आधी, एकाच दिवशी, ‘ड्यून: पार्ट थ्री’ आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ अशा दोन हॉलिवुड चित्रपटांच्या तारखा लागलेल्या आहेत. कोण किती कमावणार हा वाद निर्मात्यांनी घालावा. तिकीट काढणाऱ्यापुढचा प्रश्न साधा आहे. दोन्ही बघायचेत, खिसा एकच आहे आणि आपल्या शहरात आयमॅक्सचा (नेहमीपेक्षा मोठ्या, उंच चित्राचा) पडदा असलाच तर एखाददुसरा. तो कोणाला द्यायचा?

‘ड्यून’ला. डोळे झाकून. चित्रपट जास्त चांगला असेल म्हणून नव्हे (ते १८ तारखेला कळेल), तर तो कसा चित्रित झालाय आणि नंतर घरी कसा दिसेल, या दोन गोष्टींमुळे.

आधी फ्रेमचं गणित. नेहमीच्या मोठ्या चित्रपटाची चौकट २.३९:१ असते, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट. डिजिटल आयमॅक्सची १.९०:१ आणि आयमॅक्सच्या मूळ फिल्मची १.४३:१. समजा पडदा २० मीटर रुंद आहे. २.३९ मध्ये चित्राची उंची भरते ८.४ मीटर, १.९० मध्ये १०.५ मीटर आणि १.४३ मध्ये तब्बल १४ मीटर. जाहिरातीत ‘२६ टक्के जास्त चित्र’ असं जे छापतात, ते २.३९ आणि १.९० मधलं हे अंतर. रुंदी तीच राहते, वर आकाश आणि खाली जमीन वाढते. वाळवंट, वाळूतले अजस्र किडे आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढी माणसं दाखवणाऱ्या चित्रपटात हीच वाढीव उंची सगळं काम करते.

‘ड्यून’च्या २०२१ च्या पहिल्या भागात तासाभराहून अधिक चित्रीकरण या उंच चौकटीत होतं. २०२४ चा दुसरा भाग आयमॅक्सवर सबंधच उंच चौकटीत दाखवला गेला. मात्र दोन्ही भाग घरी बघण्यासाठी आले ते २.३९ मध्ये. म्हणजे जी उंची थिएटरात सुटली ती सुटली, टीव्ही कितीही इंची घ्या. आधीचे दोन्ही भाग डिजिटल कॅमेऱ्यावर झाले होते. तिसऱ्या भागासाठी दिग्दर्शक दनी व्हिलनव यांनी आयमॅक्सचे फिल्म कॅमेरेही वापरलेत, आणि कॅमेऱ्यामागे ग्रेग फ्रेझर यांच्याऐवजी लिनस सँडग्रेन आहेत. आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यात ६५ मिमीची निगेटिव्ह आडवी धावते, एका फ्रेमला कडेची १५ छिद्रं लागतात, आणि मिनिटाला शंभर मीटरहून जास्त फिल्म खर्ची पडते. हजार फुटांचं रीळ तीन मिनिटांच्या आत संपतं. एवढा उपद्व्याप कोणी हौसेखातर करत नाही. निगेटिव्हच्या आकारातून मिळणारा तपशील मोठ्या पडद्यावरच दिसतो.

आता कडू भाग. ‘आयमॅक्स’ पाटी लागली म्हणजे १.४३ मिळेल असं नाही. फिल्म प्रिंट चालवणारी थिएटरं जगातच मोजकी उरली आहेत. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ची अशी एक प्रिंट सुमारे अकरा मैल लांब आणि सहाशे पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास होती, यावरून कारण ध्यानात येईल. आपल्याकडच्या आयमॅक्स पडद्यांवर हिशोब करायचा तो १.९० चा. त्यातही दोन जाती. जुन्या पडद्यांवर झेनॉन दिव्याचे दोन टू-के प्रोजेक्टर एकावर एक चित्र टाकतात. नव्यांवर फोर-के लेझर आहे, त्याचा काळा रंग जास्त काळा, उजेड जास्त आणि ध्वनी बारा चॅनेलचा. झेनॉनचा दिवा जसजसा जुना होतो तसा मंदावतो आणि बदलायला खर्च येतो, म्हणून काही ठिकाणी तो मुदतीपलीकडे ओढतात. ‘ड्यून’मध्ये अंधारी दालनं भरपूर आहेत. शहरात दोन आयमॅक्स असतील तर लेझरचा निवडा, मग तो घरापासून अर्धा तास लांब का असेना. बुकिंग ॲपवर किंवा थिएटरच्या पानावर ‘आयमॅक्स विथ लेझर’ असं स्वतंत्र लिहिलेलं असतं. नुसतं ‘आयमॅक्स’ लिहिलं असेल तर झेनॉन धरून चाला. (मुंबईकरांना वडाळ्याचा २००१ सालचा घुमटाकार पडदा आठवत असेल. मान मोडून बघायचा तो प्रकार वेगळा, आताच्या आयमॅक्सशी त्याची तुलना करू नये.)

पडदे कोणाला मिळणार, हेही बरंच आधी ठरतं. वितरक आणि आयमॅक्स कंपनी कित्येक महिने आधी ठरावीक आठवड्यांचा करार करतात. २०२३ च्या जुलैत हे उघड्यावर दिसलं. ‘मिशन: इम्पॉसिबल’चा सातवा भाग १२ जुलैला लागला, २१ तारखेला ‘ओपनहायमर’ आला आणि आयमॅक्सचे पडदे तीन आठवड्यांसाठी त्याच्या ताब्यात गेले. रेल्वे आणि मोटारसायकली घेऊन आलेला अ‍ॅक्शनपट नऊ-दहा दिवसांत साध्या पडद्यांवर. या खेपेला ‘ड्यून’ने पहिल्या तीन आठवड्यांचे आयमॅक्स पडदे आधीच राखून ठेवलेत. मूळ १ मे २०२६ ची तारीख सोडून ‘डूम्सडे’ डिसेंबरात आला तेव्हा डिसेंबरातली ही जागा ‘ड्यून’ धरून बसलेला होता. आपल्याकडे मात्र एक मेख आहे. मोठा हिंदी किंवा तेलुगू चित्रपट मधे आला की आयमॅक्सच्या दिवसाच्या खेळांत वाटणी होते. म्हणून ‘दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरल्यावर निवांत बघू’ हा बेत इथे बऱ्याचदा फसतो. दुसऱ्या आठवड्यात त्या पडद्यावर सकाळी नऊचा आणि रात्री अकराचा असे दोनच खेळ उरलेले असतात.

मग ‘अ‍ॅव्हेंजर्स’ कुठे? ‘डूम्सडे’चे दिग्दर्शक रुसो बंधूंनी ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ हे आधीचे दोन्ही भाग पूर्णपणे आयमॅक्स प्रमाणित डिजिटल कॅमेऱ्यावर केले होते, त्यामुळे मन आयमॅक्सकडे ओढ घेणारच. तरी या कुळातल्या चित्रपटात उंचीपेक्षा रंग, उजेड आणि दहा दिशांनी येणारा आवाज यांचं वजन जास्त. त्यासाठी डॉल्बी अ‍ॅटमॉस ही छतासकट सगळीकडून आवाज देणारी यंत्रणा असलेला लेझरचा साधा मोठा पडदा पुरतो. पुण्यात खराडीला सिटी प्राइडमध्ये २०२५ साली देशातला पहिला डॉल्बी सिनेमा (प्रोजेक्टर आणि आवाज दोन्ही डॉल्बीचे असलेलं सभागृह) सुरू झाला, आणि ‘डूम्सडे’ तिथे लागला तर पुणेकरांनी दुसरीकडे बघूच नये. नेहमीच्या प्रोजेक्टरचा प्रमाण उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) धरतात, डॉल्बी सिनेमात टूडीला तो ३१ पर्यंत जातो आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. अ‍ॅटमॉसची पाटी आणि डॉल्बी सिनेमा या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फक्त आवाजाबद्दल सांगते, पडद्याबद्दल काहीच नाही. साखळी थिएटरांनी आपापल्या मोठ्या पडद्यांना दिलेली इंग्रजी अद्याक्षरांची नावं तर मुळीच मनावर घेऊ नका. त्यामागे लेझर आहे का आणि अ‍ॅटमॉस आहे का, एवढंच विचारा.

थ्रीडी. मार्व्हलचे (‘डूम्सडे’ काढणाऱ्या कंपनीचे) चित्रपट बहुतेक टूडीत चित्रित होतात आणि थ्रीडी नंतर संगणकावर तयार होतं. चष्म्यातून उजेड निम्म्याहून जास्त गळतो. १४ चे चार-साडेचार फूट-लॅम्बर्ट उरले तरी थिएटरं ते चालवून घेतात. रात्रीची मारामारी मग काळ्या घोंगडीखाली चालल्यासारखी दिसते. जेम्स कॅमेरॉनसारखा मुळातच थ्रीडी कॅमेऱ्यावर काम करणारा दिग्दर्शक सोडला तर टूडीचंच तिकीट काढा. गंमत अशी, की पोलराइज्ड थ्रीडीसाठी बसवलेला चंदेरी पडदा टूडीतही त्रास देतो. मधोमध लखलखीत आणि कडेच्या खुर्चीवरून मंद. अशा सभागृहात कोपऱ्यातली जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये.

जागा निवडताना अंदाज असा: पडद्याच्या रुंदीइतक्या अंतरावर बसलं की चित्र नजरेचा सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतं. आयमॅक्सला तेवढं किंवा थोडं कमी अंतर हवं. आसनांच्या नकाशावर पडद्यापासून मोजत दोन-तृतीयांश मागे या आणि मधली आठ-दहा आसनं धरा. सगळ्यात महाग ‘रिक्लायनर’ रांग बहुधा शेवटची असते. तिथे पाय लांब करता येतात, पण आयमॅक्सचे जादा पैसे मोजून चित्र साध्या पडद्याएवढंच दिसतं. साध्या सभागृहात आवाजाच्या दृष्टीनेही मागून तिसरी-चौथी रांग बरी. शेवटच्या भिंतीला टेकलं की मागचे स्पीकर कानातच ओरडतात.

पैशांचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आयमॅक्स नेहमी १८ मध्येच. ॲपची सुविधा फी वेगळी, तिच्यावर कर वेगळा. चार जणांची तिकिटं असतील तर खिडकीवर जाऊन काढणं अजूनही परवडतं, फक्त पहिल्या शनिवार-रविवारी तो जुगार खेळू नका.

चित्रपटाची नक्की लांबी आणि प्रमाणपत्र सेन्सॉर झाल्यावरच कळतं. त्याआधी फिरणारे आकडे अफवा समजावेत. लहान मुलं बरोबर असतील तर आता नुसतं यूए बघून भागत नाही, यूए ७+, १३+ आणि १६+ अशा तीन पायऱ्या आहेत. यूएला पालकांच्या जबाबदारीवर मूल नेता येतं, ए असेल तर अठराखालच्यांना दारातूनच परत पाठवतात. भाषेची खूणही तिकिटावर तपासा. हॉलिवुडचे मोठे चित्रपट इथे इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागतात आणि घाईत हिंदी डबिंगचा खेळ निवडला गेला की परतावा मिळवताना नाकीनऊ येतात. मराठी डबिंगची वाट बघत असाल तर सध्या तरी धीर धरा.

खेळ सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं पारखायची. चित्राच्या चारही बाजूंना काळी पट्टी दिसत असेल तर प्रोजेक्टर चुकीच्या चौकटीवर लागला आहे. टूडीच्या खेळात चित्र मळकट किंवा किंचित दुहेरी दिसत असेल तर थ्रीडीची फिल्टर किंवा भिंग काढायचं राहून गेलंय. संवाद दबलेले आणि संगीत मात्र घुमतंय, तर मधला स्पीकर बंद असू शकतो. हे सगळं मिनिटभरात दुरुस्त होतं. त्यासाठी कोणीतरी उठून दारातल्या माणसाला सांगावं लागतं, कारण प्रोजेक्टरच्या खोलीत आता बहुधा माणूसच नसतो, यादी आपोआप चालते. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धा चित्रपट गेला. आणि मध्यंतर मूळ चित्रपटात नसतंच, ते इथे घातलं जातं, त्यामुळे ऐन संवादात पडदा काळा झाला तर दचकू नका.

उजळणी किती करायची? ‘ड्यून’चे दोन भाग मिळून १५५ अधिक १६६, म्हणजे ३२१ मिनिटं. दुसरा भाग परत बघणं अटळ आहे, पहिल्यावाचून एकवेळ चालेल. तिसरा भाग फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६९ च्या ‘ड्यून मसाया’वर बेतलाय. ती कादंबरी आधीच्यापेक्षा बरीच लहान आणि रणांगणाऐवजी दरबारी कटकारस्थानांची आहे. वाचायची असेल तर आधीच वाचा, पण मग सोबतच्या माणसाला डंकन आयडाहो या पात्राबद्दल चकार शब्द सांगू नका. मार्व्हलचं शेपूट मोठं, तरी सगळं बघायची गरज नाही. ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ (मिळून साडेपाच तास), ‘लोकी’चे दोन सीझन म्हणजे बारा भाग, आणि २०२५ चे ‘थंडरबोल्ट्स’ व ‘फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ हे दोन, श्रेयनामावलीतल्या तुकड्यांसकट. रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता आयर्न मॅन नसून डॉक्टर डूम हा खलनायक आहे. एवढं ध्यानात न ठेवता बसलात तर शेजारच्याला प्रश्न विचारून हैराण कराल.

मालिकांचा भाग उरकून टाकतो. प्राइमवर ‘ब्लेड रनर २०९९’ आणि ॲपलवर विल्यम गिब्सनच्या १९८४ च्या कादंबरीवरची ‘न्यूरोमॅन्सर’ या दोन जाहीर मालिकांवर नजर ठेवण्याजोगं आहे. दोन्ही अंधार आणि निऑनच्या जगातल्या, म्हणून त्या येण्याआधी टीव्हीची झाडाझडती घ्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, ‘फिल्ममेकर मोड’ चालू, आणि खोलीतल्या उजेडानुसार चित्र स्वतः मंद करणारी सोयही बंद. फोर-के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. वाय-फायवर तेवढा वेग टिकत नसेल तर राउटरमधून थेट केबल ओढा.

‘ड्यून’चं बुकिंग उघडलं, की आधी लेझर आयमॅक्स, मग रांग, मग वेळ, या क्रमाने निवडा. बहुतेक जण उलट करतात, आधी सोयीची वेळ धरतात आणि उरलेल्या खुर्चीत दुसऱ्या रांगेत मान वर करून बसतात.