दम्याच्या आजी

बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी फिजिशियन आहे. पहाटे ६८ वर्षांच्या एका आजींना जीपमधून आणलं. अंगानं स्थूल, ऑक्सिजन ८६ टक्के, बीपी २१०/११०, छातीत शिट्ट्या. "जुना दमा हाय साहेब. वाफ देऊन झाली, पण लय धाप लागलीय," मुलगा म्हणाला.

"आजी, आडवं पडवतं का?"

त्यांना बोलवेना. सून म्हणाली, "दोन-तीन रात्री बसूनच काढल्यात."

या उत्तरानं माझी शंका हृदयाकडे वळली. हृदय कमी पडून फुप्फुसात पाणी साचलं तरी शिट्ट्या दम्यासारख्याच वाजतात. ईसीजीत ताजा अटॅक नव्हता. एक्स-रे जवळजवळ स्वच्छ! अशा रुग्णांत साधारण पाचातल्या एकाचा एक्स-रे सुरुवातीला साफ असू शकतो, म्हणून त्यावर मी थांबत नाही.

सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवला. दोन्ही बाजूंना, फासळ्यांच्या फटींतून, मशीनच्या पडद्याच्या तळापर्यंत उतरणाऱ्या पांढऱ्या उभ्या रेषा. या बी-लाइन्स. एका फटीत तीन किंवा जास्त, आणि तशा जागा दोन्हीकडे किमान दोन-दोन, म्हणजे पाण्याचा संशय पक्का. निव्वळ दम्यात असं चित्र नसतं. न्यूमोनियात, फायब्रोसिसमध्ये (फुप्फुस कडक होण्याच्या आजारात) या रेषा दिसतात, पण इथे ताप नव्हता आणि बीपी एवढं चढलेलं. दोन मिनिटांत मी उपचार ठरवले: ऑक्सिजन, बीपी उतरवणारं नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप, लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड शिरेतून.

एनटी-प्रोबीएनपीचा, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट तासाभरानं आला, ७४०. ३००च्या खाली असता तर हार्ट फेल्युअर जवळपास बाद झालं असतं; ५० ते ७५ वयात ९००च्या वर गेला तर निदानाला बळ मिळतं. हा मधेच अडकलेला. स्थूल माणसांत हा आकडा कमी भरतो, किडनी बिघडलेल्यांत वाढतो. तपासणी चांगलीच आहे, पण त्या पहाटे तिच्या भरवशावर राहणं धोक्याचं होतं.

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदवलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. आपल्या जिल्ह्यानं मुलींच्या बाबतीत जे पाहिलंय, त्यानंतर ही बंधनं मला मान्यच आहेत. पण मशीन रुग्णालयात असूनही छातीवर न ठेवणं मला पटत नाही.

सकाळपर्यंत लघवी भरपूर झाली, रेषा विरळ झाल्या, आजी बोलू लागल्या. अंबाजोगाईला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला: पंपिंग ठीक, पण हृदयाची भिंत जाड आणि ताठर. बीपीच्या गोळ्या त्यांनी मधेच सोडल्या होत्या. त्या पुन्हा सुरू केल्या, जेवणातलं मीठ कमी करायला सांगितलं.